बाळंतिणीच्या खोलीतला वारा

दार ढकललं आणि यिंग-श्वेच्या तोंडावर काहीच आलं नाही.

यायला हवं होतं. या इमारतीतलं कुठलंही दार उघडलं की गालाला काहीतरी लागलं पाहिजे, यासाठी तिने आयुष्यातली सहा वर्षं घातली होती. नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून निघालेला वारा जांबांच्या बागा ओलांडून येणार, खालच्या तळ्यावरून जाताना थोडा निवणार, पुढे आलेल्या छपराखालून वळणार, खिडकीच्या झडपांमधून आत शिरणार, खाटेवरून जाणार, दारावरच्या जाळीतून बाहेर पडणार, आणि मागच्या व्हरांड्यातून मोकळा होणार. कागदावर हे सगळं एका निळ्या बाणात मावलं होतं. छेद अ-अ. इमारत उभी कापून दाखवणारं चित्र, डावीकडून उजवीकडे. बाणाच्या वाटेत मुद्दाम एक खाट काढलेली, खाटेवर एक आडवी बाई, फक्त रेघेची, चेहरा नसलेली. आता दारात उभी राहून यिंग-श्वे त्या बाईकडे बघत होती, आणि तिला चेहरा होता. पेइ-यूचा. तिच्या मुलीचा. कपाळाला, कानांवरून घट्ट फडकं बांधलेलं, पायांत पोटऱ्यांपर्यंत मोजे, गळ्यापर्यंत पांघरूण, आणि वरच्या ओठावर घामाचे थेंब. खोलीत तिळाच्या तेलात तळलेल्या आल्याचा वास, कोंबडीत घातलेल्या तांदळाच्या दारूचा वास, दुधाचा वास. झाकण ठेवलेल्या भांड्याच्या आत असावी तशी हवा. खिडकी तिने शेवटी पाहिली. म्हणजे डोळ्यांना आधीच दिसली होती, पण तिने पाहिली शेवटी. प्रत्येक दोन झडपांच्या मध्ये काहीतरी कोंबलेलं होतं: टॉवेलाच्या गुंडाळ्या, बाळाचे लंगोट, हॉस्पिटलचीच फिकट हिरवी चादर. त्यावरून तपकिरी चिकटपट्टीचे आडवे-उभे पट्टे. खिडकीशेजारच्या खुर्चीत तिची आई, ब्याऐंशी वर्षांची, मांडीवर कालच जन्मलेल्या पणतीचं गाठोडं घेऊन.

"आत ये नि दार लाव," आई म्हणाली. "वारा येतोय."

"कुठून येतोय? सगळं तर बुजवलंस."

"तुझ्यामागून."

"लाव ना गं आई," पेइ-यू डोळे न उघडता म्हणाली.

तिने दार लावलं. तिच्याच इमारतीत, तिच्याच हाताने.

काल संध्याकाळी ती इथे होती, पण खाली, बाळंतपणाच्या दालनात, जिथे थंड हवेचं यंत्र होतं आणि खिडक्या नव्हत्या. रात्री घरी जाऊन झोपली नाही. झोप लागली नाही ती बाळामुळे, असं तिने स्वतःला सांगितलं, पण उशाशी फांग साहेबांचा आवाज होता. फांग साहेब हॉस्पिटलचे संचालक, भला माणूस, फोनवर हसत बोलणारा. "मॅडम, गंमत बघा. लोक खिडक्या आतून बंद करतात, तर आम्ही म्हणतो बाहेरूनच बंद करू. पक्की काच, थंड हवेची यंत्रं, विषय संपला. परवा बैठक आहे. तुम्ही एकदा येऊन बघा तरी." तिला ते खरं वाटलं नव्हतं. तिला वाटलं होतं, यांना झडपा पुसायचा कंटाळा आलाय. आधी तळं गेलं. डेंग्यू आला तसं नगरपालिकेच्या माणसांनी येऊन ते उपसलं, बुजवलं, आणि आता तिथे स्कूटर लावतात. वारा निवायच्या ऐवजी तापलेल्या डांबरावरून येतो. ते तिने सोसलं. पण खिडक्या? खिडक्या म्हणजेच इमारत. मोठ्या साथीच्या वर्षी, बंद नळ्यांतून एका वॉर्डाची हवा दुसऱ्या वॉर्डात फिरली म्हणून लोकांना धडकी भरली होती, तेव्हा तिने याच फांग साहेबांच्या टेबलावर आराखडा पसरून म्हटलं होतं, इथे प्रत्येक बाईला तिचा स्वतःचा वारा मिळेल. ताजा. कुणाच्या छातीतून न आलेला. टेबलाभोवतीचे सगळे पुरुष मान हलवत होते. ती एकटी बाई होती, आणि सगळ्यांत जोरात तीच मान हलवत होती.

दार वाजलं. चुआंग सिस्टर आत आली, पस्तिशीची, ठेंगणी, रबरी चपला घातलेली. बाळाच्या काखेत तापमापक धरून ती थांबली. मग पुन्हा लावून पाहिलं आणि आजीकडे वळली; इथे आजीला आमा म्हणतात.

"आमा, तीन-तीन दुपटी? जत्रेतल्या केळीच्या पानातला भात झालाय हिचा."

"बाळाला थंडी सोसत नाही," आई म्हणाली.

"थंडी कुठेय? मीच वितळतेय." सिस्टर यिंग-श्वेकडे वळली आणि आवाज बदलला. "मॅडम, ताप वाढलाय. बहुतेक खोलीमुळेच, कोंडल्यामुळे. पण नुसतं बहुतेक म्हणून चालत नाही ना. कालचं बाळ आहे. मी अर्ध्या तासाने परत बघते. उतरला नसेल तर खाली नवजात विभागात न्यावं लागेल. रक्त काढतील. कदाचित पाठीतून पाणीही."

"पाठीतून?" पेइ-यू उठून बसायला गेली आणि टाके ओढले गेले म्हणून तशीच अर्धवट थांबली.

"पडून रहा तू. दुपटी काढूया आधी." सिस्टरने वरची दोन दुपटी सोडली. खिडकीकडे पाहिलं, मग यिंग-श्वेकडे, आणि बाहेर गेली.

यिंग-श्वे तिच्या मागे गेली. कॉरिडॉरमध्ये वारा असायला हवा होता, तो नव्हता. सगळ्या खोल्या बंद, तर कॉरिडॉरला कोण देणार? ती पहिल्या उघड्या दारातून डोकावली, मग दुसऱ्या, मग उघड्या नसलेल्या दारांवर टकटक करून. वर्तमानपत्रं. कार्टूनच्या टॉवेलांवरची मांजरं, उलटी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे महिने. एका खिडकीत उघडलेली छत्री दाबून बसवलेली. एका खोलीत लग्नातली लाल रजाई, चारी कोपरे खिळ्यांनी. आणि तिला एकदम आठवलं. गेलं वर्षभर हमरस्त्यावरून गाडी चालवताना ती या इमारतीकडे मान वळवून बघायची, खिडक्यांतून रंगीत कापडं दिसायची, आणि तिला वाटायचं, कपडे वाळत घातलेत. बरं वाटायचं. इमारतीत माणसं नांदायला लागली की कपडे वाळतात, असं तिने विद्यार्थ्यांना शिकवलंसुद्धा होतं. फोटो दाखवून.

"सगळीकडे हेच आहे?"

"आम्ही काढतो, त्या लावतात," चुआंग सिस्टर म्हणाली. "आम्ही चिकटपट्टी जप्त करतो, नातेवाईक नवी आणतात. खालच्या दुकानवाल्याने ढीगच आणून ठेवलाय, पाळण्यांच्या शेजारी."

"पण तुम्ही समजावून सांगता ना? की हा जुना गैरसमज आहे, वाऱ्याने सांधे धरत नाहीत, डोकं दुखत नाही—"

"मॅडम." सिस्टर जराशी हसली. "मीही टॉवेल लावले होते. त्या पलीकडच्याच खोलीत."

"तुम्ही? तुम्ही तर—"

"ड्युटीवर नर्स. बाळंत झाले की मी माझ्या सासूची सून." मग हसू गेलं. "आणि खरं सांगू का? सासू गावाला असती तरी लावले असते."

(छेद अ-अ. पुन्हा. जमिनीपासून खाटेची उंची. उशीची उंची. झडपांचा खालचा काठ उशीच्या बरोबरीने. तिने स्वतः आडवं पडून मोजलं होतं. कार्यालयातल्या जमिनीवर चटई टाकून, पंखा लावून, डोळे मिटून: इथे. वारा बरोबर इथे लागला पाहिजे. कपाळावर. मदतनीस मुलीने जमिनीवर खडूने खूण केली होती. तेव्हा तिचं अंग दुखत नव्हतं. तिच्या अंगाला कुठे काही उघडं नव्हतं. पंखा थंड लागत होता आणि बरा लागत होता, आणि ती नुसती आडवी पडलेली एक बाई होती, रेघेची.)

खोलीत परत आली तेव्हा आईने दुपटं पुन्हा गुंडाळायला घेतलं होतं.

"आई, थांब. तिला ताप आहे."

"तुलाही होता. तू काय मेलीस?"

"डॉक्टर तिच्या पाठीत सुई घालतील!"

"मग तूच सांग त्यांना, तुझंच ना हॉस्पिटल?" आईने गाठोडं छातीशी घेतलं. "मी पोरीला म्हटलं होतं, शहरात त्या गार खोल्यांच्या दवाखान्यात जा. तिथे सगळं बंद असतं आणि सगळं गार असतं. पण नाही. आईसाहेबांना नात आपल्याच इमारतीत हवी."

ते खरं होतं. पेइ-यूने शहरातला दवाखाना बघून ठेवला होता. यिंग-श्वे म्हणाली होती, बाई, तिथे वारा तरी आहे का? पेइ-यू हसली होती, बरं, म्हणाली होती. आपल्या मुलीचं ते बरं तिने किती पटकन उचललं होतं.

"मी खिडकी उघडतेय," यिंग-श्वे म्हणाली आणि पहिल्या पट्टीला नख लावलं.

"नको."

ते आई नव्हती म्हणाली.

"आमाने नाही लावलंय," पेइ-यू म्हणाली. तिचे डोळे आता उघडे होते आणि छताकडे लागलेले. "म्हणजे, हात तिचे. सांगितलं मी. सकाळी उघडंच होतं सगळं. वारा आला. छान होता गं, खरंच, मला आठवत होतं तू सांगितलेलं, बागांवरून येतो, पुढचं सगळं. कपाळावरून गेला. आणि माझे दात वाजायला लागले. थंडी नव्हती. पण थांबेचनात. मला वाटलं तो थेट आत जातोय." तिने पांघरुणाखाली हात पोटावर ठेवला. "कालपासून मी मिटलेच नाहीये, आई. घराला दारच नसल्यासारखं वाटतंय अंगाला. आणि तू त्याच्यासमोर खिडकी ठेवलीयेस."

यिंग-श्वेचं नख पट्टीखाली तसंच राहिलं. ती काहीतरी बोलणार होती, शास्त्रातलं, आकड्यांतलं, एका सेकंदाला इतक्या वेगाने हवा आली तर शरीराला. पट्टीचा गोंद नखाला चिकटला आणि त्या गोंदाच्या चिकटपणातून, त्या वासातून, ती अठ्ठावीस वर्षं मागे खेचली गेली, फंगशानमधल्या आईच्या दोन खोल्यांत, ऑगस्टमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याच्या छपराखाली. हीच तपकिरी पट्टी. खिडकीच्या चारी बाजूंनी, कोपऱ्यांना दुहेरी. महिनाभर केस धुवायचे नाहीत, गार पाण्याला हात लावायचा नाही, पंखा नाही, दार उघडायचं नाही, रोज तेच तेल, तेच आलं, तीच कोंबडी. पाठीखालची चटई ओली. शेजारी पेइ-यू रडतेय, रडून लाल. आणि ती, नुकतीच शिकून आलेली, चांगल्या नोकरीला लागलेली, यिंग-श्वे नावाची (वडिलांनी हौसेने बर्फाच्या उजेडावरून ठेवलेलं नाव, या गावात कुणी कधी बर्फ पाहिला नव्हता), ती डोळे मिटून मनात भिंती पाडत होती. ही भिंत काढायची. ती काढायची. इथे फक्त खांब. इथे फक्त झडपा. पुढे जे जे तिने बांधलं ते सगळं त्या महिन्यात बांधलेलं होतं, हे तिने मुलाखतींतसुद्धा सांगितलं होतं, लोकांना ते आवडायचं. एका कोंडलेल्या खोलीतून निघालेली एक वास्तुविशारद. गोष्टीत एक क्षण नेहमी असायचा: एका दुपारी आई स्वयंपाकघरात आहे असं बघून तिने उठून पट्टीचं एक टोक सोडवलं, बोटभर, आणि त्या फटीला ओठ लावून हवा ओढली, स्ट्रॉने ओढावी तशी. मागे आई येऊन उभी राहिली होती. मग आईने पट्टी पुन्हा लावली. गोष्ट तिथे संपायची. लोक हसायचे.

आईने पट्टी पुन्हा लावली.

लावली?

"काय झालं? अशी काय उभी राहिलीस?" आई म्हणाली. "एक तर काढ, नाहीतर सोड. मला उठायला हात दे आधी. पाठ गेली माझी. तुझ्या बाळंतपणापासून धरलीये ती अजून सुटत नाही."

हे वाक्य यिंग-श्वेने अठ्ठावीस वर्षं ऐकलं होतं. सणाला, आजारपणात, भांडी घासताना, पाहुण्यांसमोर. तुझ्या बाळंतपणापासून. तिने त्याचा अर्थ केव्हाच लावून ठेवला होता: तुझ्यासाठी किती खपले बघ. आया म्हणतात तसं. ती दर वेळी हो हो म्हणायची, मलम आणून द्यायची, विषय बदलायची. आता हात पुढे करून आईला खुर्चीतून उठवताना तिच्या तळव्याला आईची पाठ लागली, दोन फऱ्यांच्या मध्ये, सदऱ्याखाली, जिथे ती मलम लावायची तिथे, आणि तिला तेव्हाची आई दिसली. समोरून. म्हणजे खाटेवरून दिसायची तशी. निळ्या फुलांचा सदरा, त्यात मागून उजेड. आईने पट्टी लावली नव्हती. आईने पट्टी उरलेल्या बाजूनेही सोडवली होती, हातभर, मग स्टूल ओढून त्या फटीला पाठ लावून बसली होती आणि मांडीवर वाटाणे सोलायला घेतले होते. दुपारभर. मग दुसऱ्या दुपारी. मग रोज. वारा आईला आदळायचा आणि तिच्या खांद्यांवरून, कानांच्या बाजूंनी वळून, मऊ होऊन खोलीत उतरायचा, आणि त्याला आल्याचा आणि आईच्या घामाचा वास असायचा, आणि पेइ-यू झोपायची. यिंग-श्वेही झोपायची. झोपेत तिने सगळ्या इमारती उभ्या केल्या होत्या आणि त्या प्रत्येकीतून ही एक वस्तू गाळली होती.

"आई," ती म्हणाली. "तू खिडकीशी बसायचीस."

"कधी?"

"मी बाळंत झाले तेव्हा. पट्टी काढून. पाठ लावून."

आईने तिच्याकडे पाहिलं, जणू कुणी विचारलं असावं की भात कसा खातात. "मग काय करणार? तू शिजत होतीस आत. आणि उघडं टाकलं असतं तर वारा खाल्ला असतास. कुणीतरी बसायलाच लागतं."

कुणीतरी बसायलाच लागतं. यिंग-श्वेने खिडकीकडे पाहिलं. झडपा वीस, दांडा एक. तो ओढला की सगळ्या एकदम उघडतात, ढकलला की सगळ्या एकदम मिटतात, फटी तेवढ्या उरतात, ज्या बायका बुजवत होत्या. सोपं हवं म्हणून तिनेच तसं केलं होतं. वरच्या उघड्या, खालच्या बंद, असं काही होत नव्हतं. पूर्ण वारा किंवा जवळजवळ नाहीच. पडदा नव्हता, पडद्याने बाण अडतो. खाट हलत नव्हती, उशाशी भिंतीतून नळ्या आलेल्या. तिसरं काहीच तिने काढलं नव्हतं. बाळ कण्हल्यासारखं करत होतं. कॉरिडॉरमध्ये रबरी चपला वाजल्या आणि पुढे गेल्या, अजून यांच्यासाठी नव्हत्या.

ती खुर्ची ओढून खिडकी आणि उशी यांच्या मध्ये आणू लागली. पाय जमिनीवर घासले, पेइ-यूने मान वळवली.

"काय करतेयस?"

"बघू. नको वाटलं तर सांग. लगेच बुजवते."

तिने पट्ट्या ओढल्या, टॉवेल एकेक करून काढले, मधल्या दोन झडपांत घट्ट बसलेला लंगोट दातांनी ओढावा लागला. आधी बसली, पाठ खिडकीला, तोंड मुलीकडे. मग हात मागे नेऊन दांडा ओढला. वारा आला. तिच्या पाठीवर आला, एकदम, तळ्यावरून नाही, स्कूटरींच्या डांबरावरून, पेट्रोलचा थोडा वास घेऊन, पण आला. सदरा पाठीला चिकटला. समोर पेइ-यूने ओठ मिटून घेतले आणि वाट पाहिली. तिच्या फडक्याचं टोक हललं नाही. पांघरुणाची कड किंचित उचलली आणि पडली. दारावरच्या जाळीत अडकलेलं कोळिष्टक मात्र थरथरू लागलं, म्हणजे हवा चालत होती, वळून, वरून, तिच्या खांद्यांना वळसा घालून.

"लागतोय?"

"नाही." मग बऱ्याच वेळाने, "येतोय. पण लागत नाही."

आईने बाळाला एकाच दुपट्यात पेइ-यूच्या कुशीत ठेवलं, यिंग-श्वेच्या सावलीत, आणि मग आपल्या सुनावणाऱ्या आवाजात म्हणाली, "सरळ बस. वाकलीस की खांद्यावरून येतो."

ती सरळ बसली.

अर्ध्या तासाने येते म्हणून गेलेली चुआंग सिस्टर त्याहून उशिरा आली. दारातच थांबली, उघड्या खिडकीकडे, मग खिडकीतल्या बाईकडे बघत. बाळाच्या काखेत तापमापक धरून ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग वाचलं. "उतरला," ती म्हणाली. "अजून थोडा आहे. पण खाली नाही न्यायचं. असंच ठेवा." आणि जाता जाता, "असंच म्हणजे, तुम्ही किती वेळ बसणार मॅडम?"

पेइ-यू झोपली होती. तोंड उघडं, फडकं एका कानावरून सरकलेलं. आई कोपऱ्यातल्या बाकावर आडवी होऊन घोरत होती. यिंग-श्वे उठली नाही. आधी बरं वाटत होतं, घाम वाळत होता. मग दोन फऱ्यांच्या मध्ये एक जागा गार पडली, नाण्याएवढी. ती जागा गार राहिली आणि हळूहळू खोल जायला लागली. तिने खांदे हलवले, ती गेली नाही. इतकी वर्षं तिने हा वारा निळ्या शाईने काढला होता, वर्गात काढला होता, बक्षीस घेताना पडद्यावर काढला होता, आणि त्याला पाठ दिली होती ती आज पहिल्यांदा. तो थांबत नव्हता. त्याला कुणी बाळंत झालंय की नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिला त्याची भीती वाटली, थोडीशी, लहान मुलाला वाटते तशी, आणि तिला उठायचं होतं, आणि उठलं तर तो सरळ उशीवर जाणार होता.

उद्या फांग साहेबांच्या टेबलाशी तीच माणसं मान हलवतील. पक्की काच म्हणतील. ती काय पसरणार त्यांच्यापुढे? ती मनात कागद घेऊन बसली. छेद अ-अ. डावीकडे झडपा, उजवीकडे खाट. मध्ये रिकामी जागा, जिथून बाण जातो. त्या जागेत तिने एक रेघ मारली, उशीपेक्षा उंच. खोडली. रुंदी चुकत होती. कशाने करायची, लाकडाने, वेताने, विटांनी, अजून कळत नव्हतं. फक्त कळत होतं की त्या रेघेला खांदे लागतील, वारा वळायला. भिंतीपलीकडच्या खोलीतून एक बाळ रडायला लागलं, मग त्याच्या पलीकडचं. त्या खोल्यांच्या खिडक्या बंद होत्या. तिच्या पाठीतली गार जागा आता मणक्याला लागली होती. तिने सरळ बसून पुन्हा पहिल्यापासून रेघ मारायला घेतली.